नागपुरात डाउन सिंड्रोम असलेल्या मुलाची स्लीप स्टडी : जानेवारी २०२४ ते जून २०२५

जानेवारी २०२४. रात्रीचा पारा दहाच्या आसपास, घरात सगळे दुलईत, आणि माझ्या पाच वर्षांच्या मुलाची उशी मात्र घामाने ओली. उन्हाळ्यात हे कधी लक्षातच आलं नाही, कारण नागपूरच्या मे महिन्यात कोण घामाने भिजत नाही? थंडीत त्याला कारण उरलं नाही.

त्याला डाउन सिंड्रोम आहे, म्हणजे जन्मतःच एक गुणसूत्र जास्त. तो घोरायचा, मान मागे टाकून, तोंड उघडं ठेवून झोपायचा. कधी रात्री उठून मांडी घालून बसायचा आणि तसाच पुढे वाकून, कपाळ गादीला टेकवून झोपी जायचा. आम्हाला ती त्याची लकब वाटायची. सासूबाई म्हणायच्या, "घोरून राहिला म्हणजे गाढ झोपला ना बापा, कशाला उठवून राहिली?" दोन दवाखान्यांतही ऐकलं होतं, की या मुलांचं असंच असतं. या एका वाक्याने आमची तीन वर्षं खाल्ली. पुढे कळलं, की श्वासाची वाट बंद होते तेव्हा मूल स्वतःच ती उघडी राहील अशी बसण्याची-वाकण्याची जागा शोधतं. ती लकब म्हणजे त्याची धडपड होती.

डाउन सिंड्रोममध्ये चेहऱ्याचा मधला भाग लहान असतो, त्या मानाने जीभ मोठी पडते, स्नायू सैल असतात. त्यात टॉन्सिल आणि ॲडेनॉइड (नाकाच्या मागच्या गाठी) वाढले की झोपेत घसा मिटतो. ऑक्सिजन उतरतो, मेंदू मुलाला अर्धवट जागं करतो, श्वास सुरू होतो, पुन्हा झोप, पुन्हा तेच. सकाळी मूल चिडचिडं उठतं, थेरपीत बसत नाही, अंथरूण ओलं करतं, आणि आपण या सगळ्याचा दोष स्वभावाला देतो.

आमच्या बालरोगतज्ज्ञांकडे ६ फेब्रुवारीला गेलो. त्याआधी चौदा दिवसांची झोपेची वही केली होती, आणि पुढचं सगळं लवकर हललं ते या वहीमुळे असं मला वाटतं. साधी शंभर पानी वही, आडव्या रकान्यांची: अंथरुणात किती वाजता, झोप किती वाजता लागली, रात्री किती वेळा उठला, कोणत्या स्थितीत सापडला, घाम, ओलं अंथरूण, सकाळी किती वाजता आणि कसा उठला, दुपारची झोप, दिलेली औषधं. रात्री घड्याळ बघून एकच खूण करायची, वाक्यं सकाळी लिहायची. चौदा दिवस जड वाटत असतील तर सात करा, पण सलग करा. सर्दी असेल तर ते दिवस वहीत वेगळे दाखवा, नाहीतर डॉक्टर सगळं सर्दीवर ढकलतात.

वहीबरोबर मोबाइलवरचे व्हिडिओ. मी आधी नुसता चेहरा टिपत होते, त्याचा उपयोग झाला नाही. शर्ट वर करून छाती आणि पोट दोन्ही दिसायला हवं, दिव्याचा उजेड पुरेसा हवा आणि पंखा दोन मिनिटं बंद, म्हणजे श्वासाचा आवाज येतो. क्लिप दोन मिनिटांची बास. एक झोप लागल्यावर तासाभराने, आणि एक पहाटे चार ते पाचच्या दरम्यान नक्की घ्या. स्वप्नांची झोप पहाटेकडे जास्त असते, तेव्हा स्नायू आणखी सैल पडतात आणि त्रास वाढतो. आमच्या पहाटेच्या क्लिपमध्ये छाती आत ओढली जात होती, पोट बाहेर येत होतं आणि आवाज मात्र शून्य. मग एक मोठा घुसमटल्यासारखा श्वास. डॉक्टरांनी ती क्लिप दोनदा पाहिली आणि बाकी काही न विचारता स्लीप स्टडी लिहून दिली, म्हणजे रात्रभर तारा आणि पट्टे लावून झोपेतला श्वास आणि ऑक्सिजन मोजायची तपासणी.

बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटर आम्ही आधी आणला होता. तो मोठ्यांच्या बोटाच्या मापाचा, लहान बोटावर नीट बसत नाही. शिवाय आपण उठून तो लावेपर्यंत श्वास सुरू होऊन आकडा ९७ वर आलेला असतो. त्या ९७ वर विसंबून आम्ही महिनाभर गप्प बसलो.

त्याच भेटीत रक्ताच्या तपासण्या झाल्या: टीएसएच (थायरॉइडसाठी), हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातल्या लोहाचा साठा). डाउन सिंड्रोममध्ये थायरॉइड दरवर्षी बघायचाच असतो, तो कमी पडला तर झोपेचा श्वासही बिघडतो. आमचा टीएसएच ठीक होता, फेरिटिन १४ निघालं. प्रयोगशाळेच्या छापील मर्यादेत ते बसत होतं, म्हणून रिपोर्टवर ठळक खूण नव्हती. पण झोपेत पाय झाडणाऱ्या, सारखं कूस बदलणाऱ्या मुलात ते ५० च्या वर ठेवायचा प्रयत्न करतात. सर्दी-तापात फेरिटिन खोटं वर जातं, म्हणून मूल बरं असतानाच तपासायचं. लोहाचं औषध दुधाबरोबर द्यायचं नाही. आम्ही सकाळी रिकाम्या पोटी लिंबूपाण्यासोबत देत होतो आणि दूध दोन तासांनी. तीन महिन्यांनी ५२ आलं. डॉक्टरांची फी ६००, तपासण्या २,१००.

एक गोष्ट त्यांनी फार ठामपणे सांगितली आणि ती मी तितक्याच ठामपणे पुढे देते. श्वासाचं निदान होईपर्यंत झोप यावी म्हणून काहीही द्यायचं नाही. गुंगी आणणारं सर्दीचं सिरपही नाही. अशा औषधांनी घसा आणखी सैल पडू शकतो आणि मेंदूची जागं करण्याची ताकद कमी होते. ओळखीच्या एका घरात रोज रात्री असं सिरप देतात, 'चांगला झोपतो' म्हणून. मला त्या मुलाची काळजी वाटते. मेलाटोनिन हे वेगळं औषध आहे, झोप लागायला उशीर होणाऱ्या मुलांना, विशेषतः ऑटिझममध्ये, डॉक्टर ते देतात. पण अडलेली श्वासनलिका त्याने उघडत नाही.

थेरपी सेंटरच्या बाकावर बसणाऱ्या आयांशी बोलताना कळलं, की प्रत्येकीच्या मुलाचं मूळ वेगळं आहे. सेरेब्रल पाल्सी असेल तर दुखणं, स्नायूंचे पेटके, रात्रीचे स्प्लिंट, पोटातलं अन्न वर येणं, कूस बदलता न येणं. एपिलेप्सी असेल तर झोपेतले झटके, आणि तिथेही व्हिडिओची निदानाला मोठी मदत होते. दृष्टी नसलेल्या मुलाला उजेड कळत नाही म्हणून शरीराचं घड्याळ सरकत राहतं. तेव्हा माझा पुढचा अनुभव घोरणाऱ्या, श्वास अडणाऱ्या मुलापुरता समजावा. वही आणि व्हिडिओ मात्र सगळ्यांना सारखेच लागतात.

मार्चमध्ये कान-नाक-घसा तज्ज्ञ. फी ८००, गळ्याचा बाजूने एक्स-रे ५००. टॉन्सिल मोठे, ॲडेनॉइडने मागची वाट बरीच भरलेली. काढायचे हे त्याच दिवशी ठरलं असतं, पण त्यांनी आधी स्लीप स्टडी करून या म्हटलं, आणि ते बरोबर होतं. त्रास किती आहे हे आधी मोजलं नसेल तर नंतर किती उरला हे कळत नाही, आणि या मुलांमध्ये बऱ्याचदा काहीतरी उरतंच. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सची तर शिफारस आहे, की डाउन सिंड्रोम असलेल्या प्रत्येक मुलाची, घोरत असो वा नसो, चार वर्षांच्या आत एकदा स्लीप स्टडी व्हावी, कारण आईवडिलांच्या निरीक्षणातून हा त्रास पुष्कळदा निसटतो. आम्हाला ते साडेपाचव्या वर्षी कळलं.

धंतोली-रामदासपेठेच्या दवाखान्यांच्या पट्ट्यात आणि बाहेर मिळून सात ठिकाणी फोन केले. बहुतेक स्लीप लॅब श्वसनरोगतज्ज्ञांच्या आणि मोठ्यांसाठीच्या. चार जागी बारा वर्षांखालचं मूल घेत नव्हते, एका ठिकाणी घरी नेण्याचं छोटं यंत्र देत होते. त्या यंत्रात मेंदूची झोप टिपणाऱ्या डोक्याच्या तारा नसतात, म्हणजे मूल नक्की किती वेळ झोपलं हेच कळत नाही, आणि वायर निघाली तर परत लावायला कोणी नसतं. आमच्या डॉक्टरांनी ते नको म्हटलं. फोनवर मी शेवटी पाच प्रश्न पाठ केले होते: लहान मुलांच्या मापाचे पट्टे आणि नळी आहे का, टेक्निशियन रात्रभर समोर बसतो का, कार्बन डायऑक्साइड मोजता का, रिपोर्ट मुलांच्या नियमांनी काढता का, आई शेजारी झोपू शकते का. पाचही 'हो' एकाच ठिकाणी मिळाले. तारीख २४ मे, म्हणजे सात आठवडे पुढची. खर्च १५,५००, त्यातले ५,००० आधी.

ते सात आठवडे आम्ही सरावाला लावले. मुलांच्या मापाची नाकाची ऑक्सिजन नळी औषधाच्या दुकानात ऐंशी रुपयांना मिळाली. पहिल्या आठवड्यात ती बाहुल्याला, मग बाबाला, मग त्याच्या हातात, मग गालावर. नाकात शेवटी, तेही दहा मोजेपर्यंत. छातीला आणि पोटाला क्रेप बँडेज सैल गुंडाळून संध्याकाळचं जेवण. बोटाला आणि पायाला कागदी टेप. रोज दहा मिनिटं, आवडत्या गाण्याबरोबर, आणि तो ओढून काढायच्या आधी आपणच काढायचं. ओढल्यावर काढलं तर तो ओढायलाच शिकतो. चौथ्या आठवड्यात नळी लावून वीस मिनिटं बसू लागला.

त्या दिवसाच्या तयारीतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आपल्या घरांत कोणी सांगत नाही: डोक्याला तेल नाही. आदल्या दिवसापासूनच नाही. तेलावर डोक्याच्या तारा चिकटत नाहीत आणि मध्यरात्री सुटतात. सकाळी शॅम्पूने न्हाऊ घालायचं, नंतर तेल, क्रीम, पावडर, काजळ काही नाही. बोटांवर मेंदी किंवा नेलपॉलिश नको, ऑक्सिजनचा आकडा चुकू शकतो. कपडे समोरून बटणं असलेले, कारण तारा लावल्यावर डोक्यावरून काही निघत नाही. कमरेचा काळा दोरा पट्ट्याखाली टोचतो, तो घरीच काढून ठेवला. स्वतःची उशी आणि गोधडी नेली. दुपारची झोप नेहमीची, पण तीनच्या आत उठवलं. साडेसातला जेवण.

आठला पोहोचलो. तारा लावायला पाऊण तास लागला. डोकं, डोळ्यांच्या कडा, हनुवटी, छाती, दोन्ही पाय, छाती-पोटाचे पट्टे, पायाच्या अंगठ्याला ऑक्सिजनचा दिवा, नाकाशी नळी. टेक्निशियनना मी एकच विनंती केली, की पायापासून सुरुवात करा आणि चेहरा शेवटी घ्या. त्यांनी नाकाची नळी तर तो झोपल्यावरच लावली. रात्री दोनदा त्याने ती काढली, दोन्ही वेळा त्यांनी येऊन परत लावली. अशा वेळी आपण हात लावू नये, हाक मारावी. किमान सहा तासांचं चांगलं रेकॉर्डिंग मिळावं हा हिशेब असतो, आमचं सात तासांच्या थोडं वर झालं. मी रात्रभर त्याच्या शेजारी जागी होते आणि पडद्यावरचा आकडा खाली जाताना बघत होते. ते बघणं सोपं नाही. घरी इतकी वर्षं तो हेच करत होता आणि मी बाजूला झोपलेले होते, हा विचार त्या रात्री गेला नाही. सकाळी सहाला सगळं निघालं. केसांतला चिकटा पाण्याने जात नाही, खोबरेल तेल लावून दहा मिनिटांनी कंगवा फिरवला की निघतो.

रिपोर्ट नऊ दिवसांनी आला. त्यावर एएचआय ६.८ आणि 'सौम्य' असं लिहिलेलं. एएचआय म्हणजे झोपेच्या दर तासाला श्वास किती वेळा थांबला किंवा फार कमी झाला ती संख्या. मोठ्यांमध्ये पाचपर्यंत सामान्य धरतात आणि पाच ते पंधरा सौम्य. मुलांमध्ये एकच्या वर गेलं की त्रास आहे, एक ते पाच सौम्य, पाच ते दहा मध्यम, दहाच्या वर तीव्र. म्हणजे ६.८ हाही मुलाच्या हिशेबाने सौम्य नव्हता. पण खरी चूक त्याच्याही आधीची होती. मोठ्यांमध्ये श्वास दहा सेकंद थांबला तरच मोजतात. मूल भराभर श्वास घेतं, म्हणून त्याचे दोन श्वास चुकण्याइतका वेळ गेला की मोजायचं असतं. फोनवर 'हो' म्हणूनही आमचा रिपोर्ट मोठ्यांच्या नियमाने काढला होता. बालरोगतज्ज्ञांनी चिठ्ठी दिली, तेच रेकॉर्डिंग मुलांच्या नियमांनी पुन्हा मोजलं गेलं, पुन्हा रात्र काढावी लागली नाही आणि पैसेही पडले नाहीत. नवा आकडा १८.४. स्वप्नांच्या झोपेत ४१. ऑक्सिजन सर्वांत कमी ७८ टक्के.

म्हणून रिपोर्ट हातात आल्यावर शेवटची निष्कर्षाची ओळ वाचून थांबू नका. कोणत्या नियमांनी मोजलंय, एकूण झोप किती तास, अडथळ्याचे श्वास किती आणि मेंदूकडून सूचनाच न आल्याने थांबलेले किती, ऑक्सिजन ९० च्या खाली किती वेळ, कार्बन डायऑक्साइड ५० च्या वर किती वेळ, एवढं बघा आणि नसेल तर मागा.

जून २०२४ मध्ये टॉन्सिल-ॲडेनॉइड काढायचं ऑपरेशन ठरलं आणि नोव्हेंबरमध्ये झालं. पहिल्या रुग्णालयात मुलांचा आयसीयू नव्हता. भूलतज्ज्ञांनी मुलाचं वजन, रिपोर्ट आणि डाउन सिंड्रोम बघून इथे नको, असं स्पष्ट सांगितलं. तेव्हा मला राग आला होता, आता त्यांचे आभार मानते. तीव्र त्रास असलेल्या मुलाचा श्वास ऑपरेशननंतरच्या पहिल्या रात्रीही अडू शकतो, तेव्हा रात्रभर मॉनिटर आणि मुलांची सवय असलेली माणसं हवीतच. दुसरं रुग्णालय मिळालं तर जुलै आणि ऑगस्ट दोन्ही तारखा सर्दी-खोकल्याने गेल्या. सर्दीत भूल दिली तर श्वासनलिका आकसण्याचा धोका वाढतो, म्हणून पूर्ण बरं झाल्यावर काही आठवडे थांबतात. सप्टेंबरात ताप. मधल्या काळात नाकात मोमेटासोनचा, म्हणजे सूज उतरवणाऱ्या औषधाचा, फवारा होता. तो मारताना नळी नाकाच्या मधल्या पडद्याकडे नाही, बाहेर कानाच्या दिशेने धरायची, नाहीतर घोळणा फुटतो. झोपवताना कुशीवर, पाठीमागे गुंडाळलेली चादर.

भुलेच्या आधी हृदयाची इको नवी केली. डाउन सिंड्रोमच्या जवळजवळ निम्म्या मुलांना जन्मतः हृदयाचा दोष असतो, शिवाय रात्रीचा ऑक्सिजन वर्षानुवर्षं कमी राहिला तर फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांवर दाब वाढतो. मानेचाही प्रश्न असतो, वरच्या दोन मणक्यांचा सांधा या मुलांमध्ये सैल असू शकतो. चाल बदलली, हातापायातली ताकद कमी झाली, मान तिरकी धरतो, शी-शूवरचा ताबा गेला, असं काही असेल तर आधी सांगायचं. काही नसलं तरी भूलतज्ज्ञ आणि सर्जन दोघांना 'मान फार मागे वाकवू नका' याची आठवण करून द्यायची. मी ते फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहिलं होतं. भूल देताना घालायची श्वासाची नळीही वयाच्या मानाने लहान मापाची लागते, तेही त्यांना आधी माहीत असावं.

२१ नोव्हेंबरला ऑपरेशन, एक रात्र आयसीयू, एक वॉर्डात. सगळं मिळून ७८,०००. घरी पहिले पाच दिवस पॅरासिटामॉल ठरलेल्या तासांना दिलं, दुखायची वाट न बघता, कारण आमचा मुलगा दुखतंय असं सांगत नाही. तो फक्त गिळायचं थांबवतो. बाटलीवरची ताकद बघा, दोन वेगळ्या ताकदींचं सिरप मिळतं आणि चमचा तोच असतो. मिलिलिटर डॉक्टरांकडून वजनावर लिहून घ्या. कोडीन हे दुखण्यावरचं औषध बारा वर्षांखाली देऊ नये. घशात पांढरट-पिवळा थर दिसतो आणि तोंडाला वास येतो, ते जखम भरण्याचं आहे, पू नाही. खरी भीती पाचव्या ते दहाव्या दिवसाची, खपली सुटताना रक्त येऊ शकतं. लाल ताजं रक्त, किंवा मूल झोपेत सारखं गिळत असेल तर लगेच रुग्णालय, रात्र असली तरी. नोव्हेंबरात घरात संत्र्यांची टोपली होती आणि त्याला संत्रं प्राणप्रिय. दोन आठवडे ती टोपली शेजारी ठेवायला दिली, आंबट रस घशाला झोंबतो. गार दूध, मऊ वरणभात, तूप घालून मुगाची पातळ खिचडी, आणि दर तासाला दोन-चार घोट पाणी. पाणी कमी पडलं की दुखणं वाढतं.

घोरणं पहिल्या आठवड्यात सुजेमुळे होतंच, तिसऱ्या आठवड्यात खूप उतरलं. घाम थांबला. पण तो रात्री दोनला उठून रडायचा थांबला नाही, आणि मी खचले. कारण नंतर कळलं. इतकी वर्षं तो घुसमटून उठायचा आणि आम्ही थोपटून झोपवायचो. आता उठायचं कारण बरंचसं गेलं होतं, थोपटून घेण्याची सवय शिल्लक होती. ती पायरीपायरीने काढली: तीन रात्री हळू थोपटणं, तीन रात्री नुसता हात पाठीवर, तीन रात्री हात गादीवर, मग शेजारी खुर्चीत, मग खुर्ची दाराजवळ. मध्ये आजारी पडला की एक पायरी मागे. पाच आठवडे लागले.

फेब्रुवारी २०२५ मध्ये, ऑपरेशननंतर बारा आठवड्यांनी, दुसरी स्लीप स्टडी. या वेळी मुलांचे नियम लेखी मागून घेतले. एएचआय ६.२, सर्वांत कमी ऑक्सिजन ८६. उतरलं, पण संपलं नाही. घरात सगळे आनंदात होते, त्यामुळे हा रिपोर्ट वाचणं जड गेलं. डॉक्टरांनी सीपॅप सुचवलं: नाकावर मास्क, आणि यंत्र हवेचा हलका दाब देऊन घसा मिटू देत नाही. कोणता दाब लागतो हे ठरवायला आणखी एक रात्र लॅबमध्ये, आमचा दाब ७ आला.

दुकानात जाण्याआधी हे माहीत असू द्या: बरीच सीपॅप यंत्रं तीस किलोंवरच्या वजनासाठी बनवलेली असतात. माझा मुलगा सोळा किलोंचा. विक्रेता म्हणाला चालून जाईल. डॉक्टरांनी कागदपत्रं वाचून कमी वजनाला चालणारं दुसरं यंत्र सुचवलं, ते विकत फार महाग, म्हणून भाड्याने घेतलं: महिना ५,५००, अनामत २०,०००, लहान मुलांचा नाकाचा मास्क ६,५०० विकत. नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क ज्या मुलाला स्वतः काढता येत नाही त्याला धोक्याचा, उलटी झाली तर ती आत जाऊ शकते.

मास्कचा सराव स्लीप स्टडीसारखाच, दिवसा आणि यंत्र बंद ठेवून आधी. मग यंत्र चालू, पण मास्क हातावर, हवा गालाला लागू दे. रात्री तो झोपल्यावर लावायचा मोह झाला होता, पण एकदा दचकून उठला तर आठवडा मागे जातो, म्हणून जागेपणीच लावायला शिकवला. तिसऱ्या आठवड्यात रात्री दोन तास, जूनमध्ये सरासरी पाच तास. पट्टे फार आवळले की नाकाच्या उंचवट्यावर लाल वळ उठतो. वळ अर्ध्या तासात गेला नाही तर मास्कचं माप चुकलंय. चेहरा वाढत असताना रोजचा दाब जबड्याच्या वाढीवर परिणाम करू शकतो, म्हणून वर्षातून एकदा दातांच्या डॉक्टरांकडेही जायचं आहे.

मग आला नागपूरचा उन्हाळा. वीज गेली की यंत्र बंद, आणि मास्क तसाच नाकावर राहिला तर सोडलेलीच हवा पुन्हा आत जाते. म्हणून इन्व्हर्टर नसेल तर पहिलं काम मास्क काढणं. घरच्या इन्व्हर्टरवर यंत्र रात्रभर चालतं, पण ओलावा देणारी हीटरची सोय बंद ठेवली तर बॅटरी बरीच जास्त टिकते. कूलरच्या खोलीत हवा मुळातच दमट, तिथे ओलावा जास्त ठेवला तर नळीत पाणी साचतं आणि गुडगुड होऊन मूल उठतं. यंत्र पलंगाच्या पातळीपेक्षा खाली ठेवा, म्हणजे ते पाणी नाकाकडे येत नाही. कूलरचा झोत यंत्रावर नको. टाकीत डिस्टिल्ड वॉटर, रोज बदलून. मास्कची गादी रोज बेबी सोपने धुवायची. एप्रिल-मेच्या धुळीत फिल्टर दर पंधरा दिवसांनी बघा, आमचा काळा झालेला होता.

कागदपत्रांचं थोडक्यात. यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) आमच्याकडे आधीच होतं, बौद्धिक अक्षमतेच्या नोंदीचं. त्यावर केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची निरामय आरोग्य विमा योजना घेता येते, एक लाखापर्यंत, आणि आधीपासूनचा आजार म्हणून नाकारत नाहीत. पण प्रत्येक प्रकारच्या खर्चाला वेगळी मर्यादा आहे, सगळं परत मिळत नाही. दावा तीस दिवसांच्या आत, मूळ बिलं, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आणि डिस्चार्ज कार्डासह. पाठवण्याआधी प्रत्येक कागदाचा फोटो काढा. आम्ही स्लीप स्टडीचं बिल डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय जोडलं होतं, ते परत आलं. पॉलिसीचं वर्ष ३१ मार्चला संपतं, नूतनीकरण त्याआधी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून करायचं असेल तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला तारीख घेण्याआधीच विचारा, की ही शस्त्रक्रिया यादीत आहे का आणि त्या रुग्णालयात लागू आहे का. आयकर जुन्या पद्धतीने भरणाऱ्यांना २०२५ मध्ये कलम ८०डीडी खाली ७५,००० ची, तीव्र अपंगत्वाला १,२५,००० ची वजावट मिळत होती.

आता तो आडवा झोपतो. बसून झोपलेला मार्चनंतर एकदाच दिसला, सर्दी होती तेव्हा. ओलं अंथरूण आठवड्यातून पाचवरून एक-दोनवर आलंय. स्पीच थेरपिस्टच्या वहीत बसण्याची वेळ आठ मिनिटांवरून वीसवर लिहिलेली आहे. बोलणं अजून तेवढंच आहे. मास्कचं माप ऑगस्टमध्ये पुन्हा बघायचं आहे, आणि पुढची स्लीप स्टडी फेब्रुवारी २०२६ मध्ये. कॅलेंडरवर त्या तारखेच्या आदल्या दिवशी मी आत्ताच लिहून ठेवलंय: तेल नाही.